गाडीवाल्याचा रविवार

नोकरी मागायला आलेला माणूस पहिला प्रश्न कोणता विचारतो, यावरून त्याची पारख करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. 'काम काय करावे लागेल?' असे विचारणारा होतकरू ठरतो, 'पगार किती?' असे विचारणारा व्यवहारी ठरतो. आणि 'सुट्टी केव्हा असते?' असे विचारणाऱ्याला, तोंडावर कोणी बोलले नाही तरी, मनातल्या मनात कामचुकारांच्या यादीत टाकले जाते. मालमोटारींच्या धंद्यात हा तिसरा प्रश्न अलीकडे वरचेवर कानी येतो. विचारणारा नवशिका नसतो. पंधरा-वीस वर्षे ट्रक चालवून हातांना घट्टे पडलेला, चाळिशीकडे झुकलेला असा तो असतो, आणि त्याचे बोलणे मोजके असते : 'गाडी लोकल आहे का? रविवार सुटतो का?'

हुंडेकऱ्याच्या कचेरीत या प्रश्नाचे स्वागत बहुधा हसण्याने होते. अशाच एका उमेदवाराला 'रविवार पाहिजे होता, तर मास्तर व्हायचं होतंस,' असे सुनावलेले मी ऐकले आहे. ऐकणाऱ्यांना उत्तर बिनतोड वाटले. मला मात्र त्या उत्तरात दडलेल्या गृहीताने अस्वस्थ केले. पट्टेवाला साहेबाच्या पदाबरोबर यावा, तसा रविवार काही धंद्यांबरोबर येतो आणि काहींबरोबर येत नाही; ज्याला तो नाही त्याने तो मागणे म्हणजे आपली पायरी विसरणे, असे ते गृहीत आहे. ते खरे आहे काय, आणि खरे नसेल तर त्या माणसाला रविवार देण्याचे ऋण नेमके कोणाकडे लागते, एवढेच मला येथे पाहायचे आहे.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. ट्रकचे काम दोन प्रकारचे, 'लाईन'चे आणि 'लोकल'. लाईनची गाडी भिवंडीला माल भरते आणि बंगळूरला किंवा कोलकात्याला जाऊन खाली होते. पण खाली झाली म्हणजे ती परत फिरते असे नाही. रिकामी गाडी आणायची तर डिझेल फुकट जळते. म्हणून परतीचे भाडे मिळेपर्यंत तिला तिथेच थांबावे लागते. मिळालेले भाडे मुंबईचेच असेल याचीही शाश्वती नाही. ते हैदराबादचे मिळाले तर गाडी हैदराबादला जाते, आणि तेथून जिकडचा माल मिळेल तिकडे. घरून निघणाऱ्या ड्रायव्हरला बायको विचारते, 'परत कधी?' तो काही उत्तर देत नाही, तेव्हा तो तुसडेपणा करत असतो असे नव्हे. त्याला खरोखरच ठाऊक नसते.

लोकल काम याहून वेगळे. न्हावाशेव्याच्या बंदरातून कंटेनर उचलून जवळच्या आवारात नेणे, चाकणच्या कारखान्यांना सुटे भाग पोचवणे, सिमेंटचा मिक्सर, पाण्याचा टँकर, गॅसच्या टाक्यांची गाडी, ही सारी लोकल कामे. २००५ साली टाटांची 'एस' ही लहान गाडी बाजारात आली, लोकांनी तिला 'छोटा हत्ती' म्हणायला सुरुवात केली, आणि गावातल्या गावात माल फिरवणाऱ्यांचा एक नवा वर्गच उभा राहिला. लाईनवर खेपेचा हिशेब असतो. भत्ता मिळतो, रस्त्यावरच्या खर्चातून चार पैसे वाचतात, मालकाकडून उचल घेता येते. लोकलला महिन्याचा पगार, आणि तो बहुधा लाईनच्या मिळकतीहून कमी. म्हणजे लाईन सोडून लोकलला येणारा माणूस पदरचे पैसे सोडून येतो. एवढे करूनही रविवार हाती लागतोच असे नाही. पाण्याच्या टँकरला रविवारी मागणी जास्त. बंदराला तर वारच नाही. लोकल आणि रविवार या दोन्ही गोष्टी एकत्र शोधू लागले म्हणजे अखेर शाळेची बस उरते, आणि तिथे कित्येक कंत्राटदार मे महिन्याचा पगार देत नाहीत.

मग हा मनुष्य एवढी धडपड कशासाठी करतो? पाथर्डीकडचा एक ड्रायव्हर आहे, बिऱ्हाड भोसरीला. त्याला मी हे विचारले होते. मला वाटले होते, तो थकल्याचे सांगेल, पाठीचे दुखणे सांगेल. तो म्हणाला, "साहेब, मी घरी नसतोच असं नाही. महिन्यातनं पाच-सहा दिवस असतो की. पण मी असतो तवा कुणीच नसतं. पोरं शाळंत, बायको कामाला. मी आपला कडी लावून झोपतो. पोरं संध्याकाळी येत्यात, तवर मालकाचा फोन येतो : गाडी भरलीय, निघ."

यात विश्रांतीची तक्रार नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. झोप त्याला मिळते. आपण मात्र सुट्टीचा विचार बहुतेक वेळा विश्रांती म्हणूनच करतो, आणि सरकारही तसाच करते. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला. त्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि आठवड्यातून एक दिवस विश्रांती असे नियम घालून दिले. नियम चांगले होते. पण ज्या संस्थेत असे ५ किंवा अधिक कामगार असतील तिच्यापुरताच त्या कायद्याचा अंमल होता. आता हिशेब करून पाहा. आपल्याकडे दोन गाड्यांचे मालक चिकार. दोन ड्रायव्हर, दोन क्लीनर, झाले ४. कायदा दाराशी येऊन परत गेला! पुढे २०२० साली कामगारांच्या सुरक्षिततेची आणि कामाच्या परिस्थितीची नवी संहिता संसदेने मंजूर केली, २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली आणि जुना कायदा तिच्यात विलीन झाला. तिच्यात ५ ची जागा १० ने घेतली. त्याच सुमारास, १ ऑक्टोबर २०२५ पासून, नव्याने तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकांत ड्रायव्हरची केबिन वातानुकूलित असलीच पाहिजे असाही नियम अमलात आला. वैशाखात नागपूरच्या रस्त्याने गाडी हाकणाऱ्याला त्याचे मोल विचारावे. मी त्याला नावे ठेवणार नाही. तरीही एक गोष्ट नजरेतून सुटत नाही. केबिन जितकी सुखाची होईल तितके तिच्यात जास्त दिवस राहता येते.

विश्रांतीच्या बाजूने नेहमी दिला जाणारा युक्तिवाद असा की, दमलेल्या ड्रायव्हरला डुलकी लागते, अपघात होतात, म्हणून त्याला विसावा द्यावा. हे खरेच आहे. पण यात त्या माणसाचा विचार यंत्राला तेल घालण्याच्या पद्धतीने होतो. उद्या गाडी नीट चालावी म्हणून आज त्याला झोपू द्या! गोठ्यातल्या जनावरांच्या बाबतीत आपले पूर्वज याहून उदार होते. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. त्याला न्हाऊ घालतात, शिंगे रंगवतात, पुरणपोळी चारतात. दुसऱ्या दिवशी तो अधिक नांगरेल असा काही त्यामागे हिशेब नसतो. तो दिवस बैलाचा, एवढेच. ट्रकलाही आपण दसऱ्याला झेंडूच्या माळा घालतो, समोर नारळ फोडतो. मात्र माळा घातलेली ती गाडी संध्याकाळी माल भरून रस्त्याला लागलेली असते, आणि आत बसलेल्याने आपट्याचे पान कोणाला द्यावे हा प्रश्नच असतो.

रविवारची सुट्टी इंग्रजांनी आपल्या धर्माप्रमाणे आणली आणि आपण ती आयती उचलली, असा एक सार्वत्रिक समज आहे. कचेऱ्यांपुरता तो खरा असेल. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती आयती मिळाली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. त्यात आठवड्यातून एक दिवस, रविवार, सुट्टी मिळावी ही मागणी होती. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा हीही होती. सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन स्त्री-कामगारही त्या सभेत बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, असाही एक मुद्दा लोखंड्यांच्या युक्तिवादात होता असे सांगतात. आजच्या वाचकाला तो भाबडा वाटेल. मला तो फार मर्माचा वाटतो. नुसती विश्रांतीच हवी असती तर आठवड्यातला कोणताही दिवस चालला असता. आज या खात्याला, उद्या त्या खात्याला, अशी पाळीपाळीने सुट्टी देऊन गिरणी अखंड चालू ठेवता आली असती. खंडोबाचा वार मात्र पाळीपाळीने वाटता येत नाही. तो सगळ्यांचा एकाच दिवशी येतो.

असा दिवस पाळणाऱ्या माणसांभोवती गाव कसे वळण घेते याचे एक उदाहरण आपल्या कोकणातच आहे. कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेले बेने इस्रायली तेलाचे घाणे चालवीत. कालौघात ते हिब्रू भाषा जवळजवळ विसरले, मराठी झाले. पण शनिवारी घाणा बंद ठेवण्याचे विसरले नाहीत. शेजाऱ्यांनी त्यांना नावच दिले : शनिवार तेली. या नावाकडे मी नेहमी कौतुकाने पाहतो. शनिवारी तेल मिळत नाही म्हणून गावाने त्यांना आळशी म्हटले नाही. घरातले तेल शुक्रवारी पाहून ठेवायचे, एवढे गाव शिकले. ज्यू धर्मशास्त्रातल्या मूळ आज्ञेतही हा विसावा एकट्या घरधन्यासाठी सांगितलेला नाही. चाकर, जनावरे आणि वेशीच्या आत राहणारा परका या सर्वांना त्यात घेतले आहे. आपला विसावा चाकराच्या कष्टांवर उभा राहू नये, ही जाण त्यामागे असावी.

हा सामाईकपणा मोडला म्हणजे काय होते याचा प्रयोगही जगात होऊन गेला आहे. सोव्हिएत रशियाने १९२९ साली सात दिवसांचा आठवडा मोडून पाच दिवसांचा केला. कामगारांचे पाच गट पाडले, प्रत्येकाला एक रंग दिला आणि प्रत्येक गटाला वेगळा सुट्टीचा दिवस. हेतू हा की यंत्रे कधीच थांबू नयेत. हिशेबाने पाहिले तर कामगाराचा फायदाच होता. सातव्या दिवशी मिळणारी सुट्टी पाचव्या दिवशी मिळू लागली. पण नवरा पिवळा, बायको हिरवी, अशी घरे झाली. सुट्टी होती आणि तिच्यात कोणी नव्हते. १९३१ साली सरकारने ती योजना मागे घेऊन सर्वांना एकच सुट्टी असलेला सहा दिवसांचा आठवडा केला, आणि १९४० साली रविवारसह जुना आठवडा परत आला. देवाला हद्दपार करणाऱ्या राज्यकर्त्यांनाही रविवार हद्दपार करता आला नाही, असे म्हणून हसण्याचा मोह होतो. पण आपल्याला रशियापर्यंत जायला नको. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या कारखान्यांना सुट्टी असते गुरुवारी. सर्वांनी एकाच दिवशी वीज ओढू नये म्हणून वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे वार वाटून दिले गेले, त्यातला हा. बाप गुरुवारी घरी, पोर रविवारी घरी. विजेचा भार समान झाला.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. कोणी म्हणेल, लाईनचे काम त्याने स्वखुशीने पत्करले. बावीस वर्षांचा होता तेव्हा त्याला कोणी बांधून बसवले नव्हते. नवे मुलूख पाहण्याची, पहाटेच्या मोकळ्या रस्त्याची ओढ त्यालाही होती. मला हे मान्य आहे. रस्त्याची ओढ खोटी नसते, आणि ज्याला अजूनही ती वाटते त्याला कोणी घरात डांबू नये. पण बाविसाव्या वर्षी दिलेली संमती बेचाळिसाव्या वर्षीही वसूल करायची, असा करार आपण लग्नाखेरीज दुसऱ्या कोणत्या बाबतीत मानतो?

याहून तगडा आक्षेप अर्थशास्त्र्याचा. तो म्हणतो, यात नीतीचा प्रश्नच कोठे आला? ज्याला रविवार हवा त्याने तेवढा कमी पगार घ्यावा. ज्याला पैसे हवेत त्याने रविवार सोडावा. बाजारात सर्व वस्तूंना भाव असतो तसा रविवारलाही आहे. हे बोलणे नीटनेटके आहे, पण ते एक धरून चालते : रविवार ही दुकानातून एकट्याने विकत आणता येण्यासारखी वस्तू आहे. दोन गाड्यांच्या मालकाकडे पाहा. तो राक्षस नाही. पुष्कळदा दोहोंपैकी एक गाडी तो स्वतःच चालवतो, आणि त्यालाही पोरेबाळे असतात. त्याने रविवारी गाड्या उभ्या केल्या तर ते भाडे शेजारचा उचलतो, आणि पुढच्या सोमवारी गिऱ्हाईक शेजाऱ्याकडेच जाते. बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला द्यावा लागतो. मालाबरोबरच्या कागदाचीही तीच कथा. ई-वे बिलाला २०० किलोमीटरमागे एक दिवस, या मानाने मुदत मिळते. त्या दिवसांत रविवार आला काय आणि दिवाळीचा पाडवा आला काय, कागदाला सारखेच. एकट्या ड्रायव्हरने कितीही कमी पगार मागितला, तरी मालकाला ही गोष्ट एकट्याने देणे जड जाते. सगळ्यांच्या गाड्या उभ्या राहिल्या तर ती कोणालाच फारशी जड जाणार नाही.

जर्मनीत असे केलेले आहे. साडेसात टनांवरचे ट्रक तिथे रविवारी रात्री दहापर्यंत रस्त्यावर आणता येत नाहीत. ताजे दूध, मासे, फळे-भाज्या यांना सूट आहे. बाकीचा माल थांबतो. कारखाने बुडाल्याचे ऐकिवात नाही. पण या उदाहरणाला दुसरी बाजूही आहे, आणि ती लपवून ठेवणे योग्य होणार नाही. त्या रविवारी जर्मनीच्या महामार्गांलगतच्या वाहनतळांवर ट्रकांच्या रांगा लागतात, आणि त्यांत पोलंड-रुमानियाकडचे कितीतरी ड्रायव्हर शेगडीवर काहीतरी शिजवत बसलेले असतात. त्यांना रविवार मिळाला, घर मिळाले नाही. युरोपीय संघाने २०२० साली नियम केला, की आठवड्याची पूर्ण विश्रांती गाडीत घेता कामा नये, आणि ड्रायव्हरला चार आठवड्यांतून एकदा तरी घरी परतता येईल अशी आखणी मालकाने केली पाहिजे. म्हणजे पाथर्डीच्या माणसाने कचेरीत एका दमात विचारलेले दोन प्रश्न, 'लोकल आहे का' आणि 'रविवार सुटतो का', हे एकमेकांवाचून लंगडे आहेत, हे कायदा करणाऱ्यांनाही अनुभवाने कळले.

राहता राहिलो आपण. रविवारी सकाळी दाराशी येणारे दूध थांबवा, असे मी म्हणणार नाही. आजाऱ्याचे औषध तर नाहीच नाही. पण रस्त्यावरून जाणाऱ्या मालात दूध आणि औषध किती, आणि फरशा, प्लायवूड, कपाटे, चपला किती? शनिवारी रात्री मागवलेली चप्पल रविवारी दुपारी पायात आली नाही म्हणून कोणाचे काय अडते? या दिवाळी अंकांचे गठ्ठेही कोणीतरी रात्रीचे वाहून आणलेले असतात, आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात ते वेळेवर आले पाहिजेत यासाठी सर्वांत जास्त तगादा लावणारे आपण वाचकच असतो. शनिवार तेल्यांच्या गावकऱ्यांनी आदल्या दिवशी तेल भरून ठेवण्याची जी तसदी घेतली, तेवढी घ्यायला आपण तयार आहोत काय? त्या ड्रायव्हरचा रविवार अडून राहिला आहे तो काही अंशी येथे.

हे सर्व मी रविवार धरून बोललो. परंतु ज्याचे घरच हजार-दीड हजार किलोमीटरवर आहे, त्याला या रविवारचे काय? महाराष्ट्रातल्या मालमोटारींवर उत्तर प्रदेश-बिहारकडचे ड्रायव्हर पुष्कळ आहेत. लासलगावहून कांदा भरणाऱ्या अशाच एकाला मी ही सारी रविवारची महती ऐकवली, तेव्हा त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, की रविवार घेऊन तो इथे काय करणार, कपडे धुणार? त्याला छठला पंधरा-वीस दिवस सोडले म्हणजे झाले. मालक सोडतो का, असे मी विचारले. सोडतो, म्हणाला, कारण त्या दिवसांत सगळेच जातात, अडवणार कोणाला? गाड्या आवारात ओळीने उभ्या राहतात. गिऱ्हाइकांना फोन जातात की माल चार दिवस उशिरा येईल, आणि तो चार दिवस उशिरा येतो.